साडूपेक्षा मोठं इंजिन

मी कांदा खात नाही, लसूणही नाही. पण दुकानाच्या डाव्या अंगाला कांद्याची आडत आहे, समोर गोण्या शिवणारे बसतात आणि माझं निम्मं गिऱ्हाईक आडतीत कांदा घालूनच माझी पायरी चढतं. कपड्यांना वास असतो तो एकतर कांद्याचा, नाहीतर पेट्रोलचा. सणाला माहेरी संगमनेरला गेले की भावजय दारातच म्हणते, ताई, आधी साडी बदला.

आळेफाट्याला आमचं शेतीच्या छोट्या इंजिनांचं दुकान आहे. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, झाडं छाटायच्या चेनसॉ. सासरे थकले तेव्हा आमच्या ह्यांनी ठिबक आणि पाइपांचा धंदा सांभाळला आणि इंजिनांचं काउंटर माझ्याकडे आलं. सुरुवातीला शेतकरी दारातून डोकावून विचारायचे, भाऊ न्हाईत का? नाहीत म्हटलं की परत जायचे. मग कुणाचं तरी ऐन फवारणीत बंद पडलेलं इंजिन मी चालू करून दिलं, ते त्याने गावात सांगितलं असावं. हळूहळू माणसं वैनी हायेत का, असं विचारत यायला लागली. तेव्हापासून मी सगळ्या जुन्नर तालुक्याची वैनी आहे.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी लिहायला सांगितलं ते मात्र शेतीच्या इंजिनांवर नव्हे, विमानांच्या इंजिनांवर. खेळातल्या विमानांच्या. खेळातली म्हटलं की लोकांना जत्रेतलं प्लास्टिकचं विमान आठवतं. मी ज्यांना इंजिनं देते ती विमानं माणसाच्या उंचीपेक्षा लांब पंखांची असतात, हलक्या लाकडाची, आणि रिमोटवर चालतात. ती आकाशात कोलांट्या घेतात, उलटी उडतात, नाक वर करून जागच्या जागी उभी राहतात. मी त्यांना कसरतीची विमानं म्हणते.

या भानगडीत मला ओढलं बोरी बुद्रुकच्या बबनरावांनी. द्राक्षबागायतदार, अंगाने थोराड, आवाज असा की शेजारच्या आडतीतला माणूस मान वळवून बघतो. एक दिवस आले आणि म्हणाले, "वैनी, चेनसॉ द्या. पर साखळी नको, पट्टी नको. नुसतं इंजिन काढून द्या."

मी विचारलं, मग कापणार कशाने?

"कापायचं न्हाई. उडवायचंय."

मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. पण त्यांनी मोबाइलवर विमान दाखवलं. द्राक्षाच्या मालाचे खोके ठेवायच्या खोलीत बसून त्यांनी ते स्वतः तयार केलं होतं. फासळ्या, पंख, शेपूट, सगळं हाताने कापलेलं. बायकोला वाटायचं, बागेचे हिशेब चाललेत.

चेनसॉचं इंजिन कसरतीच्या विमानाला का चालतं, हे मला त्याच दिवशी कळलं. झाडावर चढलेला माणूस चेनसॉ आडवी धरतो, तिरपी धरतो, कधी उलटी. तरी ती बंद पडत नाही. मोटारसायकल आडवी पडली की बंद पडते, कारण तिच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वाटीत साठतं. चेनसॉच्या कार्ब्युरेटरमध्ये वाटी नसते, लवचीक पडदा असतो. इंजिन कसंही फिरवा, पेट्रोल पोचतं. विमानाला हेच हवं असतं. पुढे पुढे खास विमानासाठी बनवलेली इंजिनं मिळायला लागली. त्यांना सुरू करायची दोरी नसते, जड चाक नसतं, ठिणगी छोट्या बॅटरीवर पडते, त्यामुळे वजन निम्म्यावर येतं. बबनरावांसाठी मी पहिलं मागवलं. मग नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठून कुठून माणसं यायला लागली. इतक्या लोकांच्या माळ्यावर विमानं दडलेली आहेत, याची मला कल्पना नव्हती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इंजिन निवडणं सोपं असेल. जितकं मोठं तितकं चांगलं. नवं गिऱ्हाईकही हेच धरून येतं. मी त्यांना आधी विमान घेऊन यायला सांगते. बाजूच्या आडतीत मोठा काटा आहे. कांद्याच्या गोण्या उतरल्या की त्यावर आम्ही विमान ठेवतो. हमाल हातातलं काम सोडून बघत बसतात. बॅटऱ्या, चाकं, भरलेली टाकी, इंजिन, सायलेन्सर, सगळ्यासकट वजन किती भरतं ते पाहायचं. कारण विमान नाक वर करून उभं राहतं तेव्हा पंख काहीच उचलत नाहीत. ते पुढच्या फिरत्या पंख्याला टांगलेलं असतं. त्या पंख्याची ओढ वजनापेक्षा चांगली दीडपट असली तर विमान उभं राहतं आणि हवं तेव्हा वर निघतं. जेमतेम वजनाइतकी असली तर उभं राहतं, पण वर निघायच्या वेळी घात करतं.

मग जास्तीच का नको? कारण मोठं इंजिन जड असतं. नाक जड झालं की तोल राखायला शेपटीत शिसं घालावं लागतं. एकूण वजन वाढतं, विमान उतरताना वेगात येतं, आणि मोठ्या इंजिनाच्या थरथरीने त्यामागची प्लायची भिंत एखाद्या दिवशी तडकते. शिवाय इंजिनाची खरी परीक्षा जोरात नसते, हळू चालण्यात असते. पूर्ण जोरात कुठलंही इंजिन गर्जतं. अगदी संथ फिरत असताना एकदम जोर दिला आणि ते न अडखळता उठलं, तर ते घ्यावं. एवढं सगळं सांगितल्यावरही दहातले आठ जण मोठंच मागतात, ते वेगळं.

तऱ्हेवाईक माणसंही येतात. मंचरकडचा एक लग्नाचे कार्यक्रम करणारा आला होता. त्याला नवरा-नवरीवर विमानातून गुलाबाच्या पाकळ्या टाकायच्या होत्या. मी त्याला तो लाकडी पंखा हातात दिला, कडेवरून बोट फिरवायला लावलं आणि मिनिटाला तो किती हजार वेळा फिरतो ते सांगितलं. माणसांच्या डोक्यावरून हे न्यायचं नाही, एवढंच म्हणाले. तो भला माणूस होता, त्याला पटलं. पाकळ्या त्याने गच्चीवरून टाकल्या असं नंतर कळलं. दुसरा एक घोडेगावचा. त्याचं विमान उसात पडलं आणि तो ते आणायला जाईना. आमच्याकडे उसात एकटं जायचं नसतं, बिबट्या कुठे बसलेला असेल सांगता येत नाही. शेवटी चौघांनी पत्र्याचे डबे वाजवत जाऊन विमान आणलं. पंख मोडला होता, पण इंजिन शाबूत होतं, याचाच मला आनंद.

आता बबनरावांच्या साडूंबद्दल सांगायला हवं. सोपानराव आळ्याचे, बबनरावांच्या मेहुणीचे नवरे. शेतकरीच, पण स्वभावाने अगदी उलटे. कमी बोलणार, बोललं तर खाली बघून. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, कमल आणि शकुंतला. सासुरवाडी आंबेगाव तालुक्यातली. धाकट्या मेहुणीच्या लग्नात मानाचा फेटा आधी कुणाला बांधायचा यावरून दोघांचं बिनसलं. तो फेटा शेवटी तिसऱ्याच पाहुण्याला बांधला गेला, पण या दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. वर्षं गेली, पोरं मोठी झाली. बहिणींना एकमेकींच्या घरी जायची चोरी झाली. कमलताई एकदा दुकानात पंपाचा वायसर न्यायला आल्या आणि शकुंतलाही त्याच वेळी आली. दोघी काउंटरच्या या टोकाला बसून इतकं हळू बोलत होत्या की मी उगाचच मागे जाऊन खोकी लावत बसले.

आणि हे दोन्ही साडू विमानवेडे. एकाने दुसऱ्याचं बघून सुरू केलं असणार, पण कुणी कुणाचं बघितलं हे दोघांपैकी एकही सांगत नाही. सोपानरावांनी माझ्याकडून पंचावन्न सीसीचं इंजिन नेलं होतं. त्यानंतर बबनराव नवं विमान बांधून आले. आल्या आल्या त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे साधारण आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "आमच्या साडूनं केवढं नेलंय?"

एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, ही सासऱ्यांची शिकवण. मी सांगितलं नाही. मग ते म्हणाले, पंच्याऐंशी सीसीचं द्या, म्हणजे प्रश्नच मिटला. मी विमान काट्यावर ठेवायला लावलं. वजनाला आणि बांधणीला पंचावन्नचंच इंजिन शोभत होतं. पंच्याऐंशीचं बसवलं असतं तर पुढची भिंत नव्याने बांधावी लागली असती. बराच वेळ वाद झाला. हमालांनीही आपापली मतं दिली. शेवटी मी म्हणाले, दुसरीकडून मोठं घ्या, माझी हरकत नाही, पण मी देणार नाही. बबनराव रुसून गेले. आठवड्याने परत आले आणि पंचावन्नचं घेऊन गेले.

नव्या इंजिनाचं पहिलं मोठं उड्डाण असलं की जमलं तर मी बघायला जाते. येडगावच्या बाजूला एक सपाट माळ आहे, मालकाची परवानगी घेऊन ही मंडळी तिथे उडवतात. त्या रविवारी सकाळी आमच्या ह्यांनी मला तिथे सोडलं. सोपानराव आधीच येऊन एक फेरी उडवून बसले होते. बबनराव आले, त्यांचं लक्ष साडूच्या झाकण काढलेल्या विमानाकडे गेलं आणि चेहरा पडला. इंजिन तेच. शेजारी पडलेलं खोकंही तेच. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वैनी, तुमी आमाला एका मापात मोजलं व्हय?"

मी म्हणाले, मी विमानं मोजली.

बबनरावांनी आपलं विमान उचलून धावपट्टीवर नेलं. इंजिन पहिल्या दोन-तीन झटक्यांत सुरू झालं. संथ चालत होतं, छान लयीत. मला बरं वाटलं. विमान उडालं, वर गेलं, कोलांटी घेतली, उलटं होऊन माळाच्या या टोकापासून त्या टोकाला गेलं. बबनराव उडवतात धसमुसळं, पण त्यात मजा असते. मग त्यांनी ते लांबच्या टोकाला नेलं आणि नाक वर करून हवेत उभं केलं. साडूला दाखवायलाच, यात शंका नाही.

माळाच्या त्या टोकापलीकडे एका शेतात कांदा काढणी चालली होती. ओळीने बायका बसल्या होत्या, खाली मान घालून पात कापत होत्या.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. आधी बारीक, चिरका झाला. मग एकदोनदा अडखळला. मग काहीच ऐकू येईना.

 मी आयुष्यात इतकी शांतता ऐकली नव्हती. इंजिन चालू असतं तर त्या बायांनी वर पाहिलं असतं. बिनआवाजाचं विमान कुणाला कळणार? आणि ते आठ किलोचं धूड त्यांच्याच दिशेला घसरत होतं. मी पदर खोचून त्या बाजूला धावले. उठा, बाजूला व्हा, असं ओरडत होते, पण वारा समोरून होता. माझा आवाज मलाच परत येत होता.

मागे काय झालं ते मला नंतर कळलं. बबनराव घाबरून रिमोटची कांडी मागे ओढत होते. विमान खाली येतंय असं दिसलं की कुणाचाही हात नाक वर घ्यायला जातो. पण इंजिन नसताना नाक वर घेतलं की उरलासुरला वेग जातो आणि विमान दगडासारखं पडतं. सोपानराव उठून त्यांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले होते. रिमोट त्यांनी हिसकावून घेतला नाही. नेहमीच्याच खालच्या आवाजात म्हणाले, "ओढू नको. नाक खाली घाल."

"खाली बाया हायेत."

"हायेत. म्हणूनच खाली घाल. वेग आला की डावीकडं वळव."

बबनरावांनी ऐकलं.  विमानाने नाक खाली घातलं आणि ते सरळ त्या ओळीवर निघालंय असं मला दिसलं. मी जागीच थांबले. पुढे बघवेना आणि डोळेही मिटेनात. मग पंख कलला. विमान बांधाच्या अलीकडे वळलं, बायांपासून पन्नासेक हात लांबून, अगदी जमिनीलगत सूं करत गेलं.

"आता धर. जरा धर. आता सोड," सोपानराव मागून सांगत होते.

माळाच्या कडेला ढेकळांत ते टेकलं, एक चाक निखळलं, विमान गोल फिरलं आणि थांबलं. ओळीतल्या एका बाईने तेव्हा कुठे मान वर केली, बघितलं आणि पुन्हा पात कापायला लागली.

मी मातीत तशीच बसले.  कुणाला काही झालं नाही, कुणाला काही झालं नाही, एवढंच मनात चाललं होतं.

जरा सावरल्यावर दुसरी धास्ती लागली. दोघांना एकच इंजिन दिलेलं, एकाचं उत्तम चाललं, दुसऱ्याचं हवेत बंद पडलं. बबनराव विमान उचलून आणत होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं माझं धाडस होत नव्हतं. इंजिन खराब निघालं असतं तर त्या ओळीतल्या बाया मला जन्मभर दिसल्या असत्या.

मी पिशवीतला पाना काढला आणि प्लग उघडला. कोरडा ठणठणीत. म्हणजे ठिणगी होती, पेट्रोल पोचत नव्हतं. टाकीत बघितलं तर निम्मं शिल्लक. पेट्रोलची नळी फुंकून पाहिली, मोकळी. मग राहिली हवेची नळी. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तशी त्या जागी हवा आत यावी लागते, त्यासाठी एक बारीक नळी विमानाच्या पोटाखाली उघडी सोडलेली असते. ती बंद असली तर टाकी आतून आवळत जाते आणि थोड्या वेळाने इंजिनाला पेट्रोल सुटत नाही.

सोपानरावांनी विमान उलटं केलं. नळीचं तोंड शोधलं, नखाने खरवडलं आणि माझ्यापुढे धरलं. नखात लाल माती होती.

"कुंभारीण माशी," ते म्हणाले. "इंजिनात दोष न्हाई, वैनी."

बबनरावांनी घाई नको म्हणून टाकी आदल्या दिवशीच भरली होती आणि विमान खोक्यांच्या खोलीत टांगून ठेवलं होतं. तेवढ्यात माशीने त्या नळीचं तोंड आपलं घर समजून लिंपून टाकलं. भिंतीच्या कोपऱ्यात, कुलपाच्या भोकात घरं करणारी तीच ती माशी.

सोपानराव तार घेऊन नळी कोरायला लागले तेव्हा मी त्यांना हळू कोरायला सांगितलं. आत अळी असली तर? ते माझ्याकडे बघून थांबले. मग त्यांनी नळीचा तेवढा तुकडा ब्लेडने कापून माझ्या तळहातावर ठेवला. मी तो उभा चिरला. आत नुसती माती होती, अजून काही ठेवलेलं नव्हतं. त्या सकाळी मला तिसऱ्यांदा हायसं वाटलं. खरं सांगायचं तर हे सर्वांत लहान हायसं वाटणं, पण डोळ्यांत पाणी आलं ते त्यानेच.

बबनराव इतका वेळ उकिडवे बसून होते. ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "मी ओढतच व्हतो. तसंच ओढत राह्यलो असतो तर बायांवर गेलं असतं."

सोपानराव नळीचा नवा तुकडा बसवत होते. म्हणाले, "माझं पयलं असंच ओढून पाडलं व्हतं. तू न्हवतास बघायला."

नवी नळी बसल्यावर इंजिन एका झटक्यात सुरू झालं. चाक नव्हतं म्हणून दोघांनी पंखांना दोन्हीकडून धरून ठेवलं आणि मी रिमोटवरून जोर कमी-जास्त करत राहिले. संथ, जोरात, पुन्हा संथ. एकदाही अडखळलं नाही. बंद करावंसं वाटत नव्हतं.

त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हवेच्या नळीला बारीक जाळी लावून देते, आणि माणसांच्या बाजूला नेऊन विमान हवेत उभं करायचं नाही, हे शपथ घातल्यासारखं सांगते.

अलीकडे बॅटरीवरची विमानं आली आहेत. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलात तेल कालवायला नको. नवी मुलं तीच घेतात, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. पण ती विमानं काट्यावर आणावी लागत नाहीत, हमाल उठून बघत नाहीत. एक मात्र मनात राहिलं आहे: इतक्या जणांना इंजिनं निवडून दिली, स्वतः एकदाही उडवलं नाही. बबनराव उडवा म्हणतात, पण त्यांच्याकडून शिकायची माझी छाती होत नाही.

परवा दुकानासमोर एक पिकअप थांबली. पुढे दोन साडू, मागे दोघी बहिणी, त्यांच्यामध्ये विमानाच्या पंखांचा सांगाडा. दोघांनी मिळून नवं मोठं विमान बांधायला घेतलं होतं. बहिणी आत येऊन पंख्याखाली बसल्या आणि मोठ्याने बोलायला लागल्या. साडू काउंटरला टेकले. बबनरावांना एकशेवीस सीसीचं इंजिन हवं होतं. सोपानराव म्हणत होते, शंभरचं बास, शेपटीत शिसं कोण घालणार? बबनराव म्हणाले, तुझी शेपूटच चुकलीये. सोपानरावांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका चढलेला ऐकला. आडतीतला माणूस मान वळवून बघत होता.

दोघंही मला विचारत होते, वैनी, तुमीच सांगा. मी दोन्ही खोकी काउंटरवर ठेवली आणि चहा सांगायला बाहेर गेले. परत आले तरी भांडण रंगात होतं. मी खुर्ची ओढून बहिणींशेजारी बसले. मध्ये पडले नाही.